प्रेमगीताचा अर्थ लावायचाय? आधी क्रियापद बघा

एक बाई एका भाविक माणसाला सांगते, "महाराज, आता खुशाल हिंडा. ते कुत्रं आज मेलं. गोदावरीकाठच्या जाळीत राहणाऱ्या त्या माजलेल्या सिंहाने त्याला मारलं."

यात प्रेम कुठे आहे? शब्दांत तर कुठेच नाही. कुत्रं आहे, सिंह आहे, एक घाबरट गृहस्थ आहे. तरीही ही ओळ प्रेमकवितेची आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'गाथासप्तशती' या महाराष्ट्री प्राकृतातल्या संग्रहात ती सापडते. जुन्या टीकाकारांनी तिचा उलगडा असा केला: नदीकाठची ती जाळी म्हणजे या बाईचं प्रियकराला भेटायचं ठिकाण. हा गृहस्थ तिथे येतो आणि त्यांचा एकांत मोडतो. कुत्र्याला तो घाबरायचा, तरी यायचा. सिंह म्हटल्यावर तो पुन्हा त्या बाजूला फिरकणार नाही. तोंडाने 'हिंडा', मनात 'येऊ नका'. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' हा काव्यशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला, तेव्हा शब्दांच्या आड दडलेला अर्थ कसा असतो हे दाखवायला त्याने हीच गाथा घेतली.

प्रेमगीताचा अर्थ लावायला नव्याने शिकणाऱ्याला मी ही गाथा आधी सांगतो. एरवी आपण गाण्यात 'प्रेम', 'हृदय', 'विरह' असे शब्द शोधतो, ते सापडले की खूण करतो आणि अर्थ लागला असं समजतो. हे मोठे शब्द सगळ्याच गाण्यांत असतात, त्यामुळे हातातल्या एका गाण्याबद्दल ते फार काही सांगत नाहीत. माझा भर क्रियापदांवर असतो, आणि 'च', 'ना', 'तेवढं' असल्या किरकोळ वाटणाऱ्या शब्दांवर. गाणं लिहिणारा मोठे शब्द बऱ्याचदा सवयीने घेतो. गाण्याचा स्वभाव या लहान शब्दांत राहतो.

सराव करायला एक गाणं लागेल. कुणाचं प्रसिद्ध गाणं घेतलं तर त्याची चाल, गायिकेचा आवाज आणि तुमच्या आठवणी आधीच मध्ये येतील. म्हणून हे मीच लिहिलेलं, कुणीही न गायलेलं:

जाशील तेव्हा दार तेवढं ओढून घे
वारा उगाच आत येतो

छत्री ने, आभाळ भरून आलंय बघ
पोचल्यावर कळव, नाही कळवलंस तरी चालेल
मी तशीही जागीच असते

दोन कप धुऊन ठेवलेत पालथे
एक उद्या लागेल मला
दुसरा राहू दे तिथेच

आपण म्हणायचो ना, हा पाऊस आपला
भिजायचो मुद्दाम, कारण नसताना
मी आता खिडकी लावून घेते

प्रत्येक कडव्यानंतर पहिल्या दोन ओळी पुन्हा येतात असं धरा. गाणं थोर नाही, पण सरावाला पुरेल.

पहिली पायरी: गाणं हाताने लिहून काढा

इंटरनेटवर मिळणारे गाण्याचे बोल सहसा कुणीतरी ऐकून टंकलेले असतात, आणि ऐकण्यात चुका होतात. एका अक्षराने 'मन' चं 'वन' होतं आणि मग त्या वनाचा अर्थ लावत लोक तास घालवतात. म्हणून ओळी एकदा ऐकून स्वतः लिहा आणि मिळालेल्या प्रतीशी ताडून बघा. गाणं मुळात कविता असेल तर ती कविता शोधा. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटंच मावायची, त्यामुळे लांब कवितेतली दोन-तीन कडवीच गायली जायची. गळलेल्या कडव्यात कधीकधी सगळ्या गाण्याची किल्ली असते.

लिहून झालं की एकदा चालीशिवाय, बातमी वाचावी तसं सपाट आवाजात वाचा. रडू यायचं थांबतं आणि शब्द दिसायला लागतात.

दुसरी पायरी: कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय

इथे घाई करू नका. मराठी व्याकरण या बाबतीत चहाडखोर आहे. 'मी आलो' की 'मी आले' यावरून बोलणारा पुरुष की स्त्री ते लगेच कळतं. 'तू आलास', 'तू आलीस' यावरून समोरचा कळतो. 'रे' आणि 'गं' तर बोट दाखवूनच सांगतात. हे उघड करायचं नसेल तर गीतकाराला आडवाटेने जावं लागतं. 'मी येईन', 'तू येशील' या भविष्यकाळात लिंग दिसत नाही. 'मी तुला पाहिलं' यातही बोलणारा कळत नाही, कारण तिथलं क्रियापद कर्त्याचं ऐकतच नाही. 'मी येतोय' किंवा 'मी येतेय' म्हटलं की कळतं, 'मी येत आहे' म्हटलं की लपतं. एखाद्या गाण्यात सगळी क्रियापदं अशी लिंग झाकणारी निघाली तर तो सहसा योगायोग नसतो. गाणं कुणालाही आपलं म्हणून गाता यावं, किंवा एक गोष्ट सांगायचीच नाही, यातलं काहीतरी त्यामागे असतं.

आता आपल्या गाण्याकडे या. 'मी तशीही जागीच असते', 'लावून घेते': बोलणारी स्त्री आहे. समोरचं माणूस? 'जाशील', 'घे', 'ने', 'बघ', 'कळवलंस'. एकही रूप बोलत नाही. हे वहीत टिपून ठेवा, शेवटी लागेल.

सर्वनामंही अशीच तपासा. मराठीत 'आपण' म्हटलं की ऐकणारा त्यात येतो, 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर पडतो. प्रेमगीताला यासारखं दुसरं हत्यार नाही. दोन कडवी 'आपण' चाललं आणि तिसऱ्यात 'आम्ही' आलं तर त्या मधल्या जागेत काहीतरी तुटलेलं आहे, मग गीतकाराने विरह हा शब्द वापरो किंवा न वापरो. आपल्या गाण्यात शेवटच्या कडव्यात 'आपण म्हणायचो' पासून 'मी लावून घेते' पर्यंतचा प्रवास तीन ओळींत होतो. सगळी गोष्ट तिथे आहे.

बोलणारी व्यक्ती म्हणजे गीतकार नव्हे, हेही याच पायरीवर पक्कं करून टाका. लावणीतली स्त्री बोलते तेव्हा लेखणी बहुतेक वेळा पुरुष शाहिराच्या हातात असते. चित्रपटातलं गाणं तर पात्रासाठी आणि प्रसंगासाठी बेतलेलं असतं. 'कवीला काय म्हणायचंय' असं विचारण्याऐवजी 'या गाण्यातल्या बाईला काय म्हणायचंय' असं विचारा. उत्तर लवकर सापडतं.

तिसरी पायरी: हा क्षण कोणता

प्रेम हा विषय झाला. गाणं मात्र प्रेमातल्या एका क्षणाचं असतं, आणि तो ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात नायिकेच्या आठ अवस्था सांगितल्यात. मला त्या परीक्षेपुरत्या पाठ करायच्या यादीसारख्या कधी वाटल्या नाहीत. त्या घड्याळासारख्या वापरता येतात. वासकसज्जा तयार होऊन वाट बघतेय. विरहोत्कंठितेचा तो वेळेवर आलेला नाही. विप्रलब्धा ठरल्या जागी गेली आणि फसली. खंडितेचा प्रियकर दुसरीकडे रात्र घालवून आलाय. कलहांतरितेने भांडून त्याला घालवलं आणि आता ती पस्तावतेय. प्रोषितभर्तृकेचा नवरा परगावी आहे. अभिसारिका स्वतःच निघालीय. स्वाधीनभर्तृकेचा तो तिच्या शब्दाबाहेर नाही. आजचं गाणंही बहुतेक वेळा यातल्या कुठल्यातरी खोलीत सापडतं, आणि गायक पुरुष असला तरी चालतं. खंडितेचा राग आणि कलहांतरितेचा पश्चात्ताप एकाच शब्दांत येऊ शकतो. 'परत ये' दोघीही म्हणतील, अर्थ वेगळा.

क्षण शोधायचा तो काळावरून. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे', 'होतं', 'असेल' या तीन वाक्यांत नाम एकच, आयुष्यं तीन. शिवाय मराठीची जोडक्रियापदं बघा. 'विसरलो', 'विसरून गेलो', 'विसरून टाकलं'. पहिलं आपोआप झालं. दुसऱ्यात बोलणाऱ्याला स्वतःलाच थोडं आश्चर्य आहे. तिसऱ्यात त्याने जोर लावलाय, म्हणजे बहुधा विसरलेला नाही. 'आठवण येते' आणि 'आठवण काढतो' यांतही असाच फरक आहे. एकीत माणूस झोपलेला असताना दार वाजतं, दुसरीत तो स्वतः जाऊन दार वाजवतो. 'जीव' घ्या: जीव जडतो तो न विचारता, जीव लावतो तो ठरवून, जीव टाकतो तो स्वतःला विसरून. गीतकाराने कुठला धातू निवडला ते बघितलं की निम्मा अर्थ हाती येतो.

आपल्या गाण्यात 'जाशील तेव्हा' आहे. 'जाताना' नाही. 'जाताना दार ओढून घे' म्हटलं असतं तर माणूस उंबऱ्यात उभा आहे असं दिसलं असतं. 'जाशील तेव्हा' मध्ये जाणं नक्की आहे, वेळ मात्र उघडी आहे. आज, उद्या, कधीतरी. तिला ते ठाऊक आहे आणि ती घाई करत नाही. पण पुढच्याच कडव्यात 'आभाळ भरून आलंय बघ' येतं, म्हणजे माणूस जवळ आहे आणि निघायच्या बेतात आहे. मग दोन ओळी एकमेकींशी भांडतात का? माझं मत असं की ती जवळ आलेल्या गोष्टीला लांबची करून बोलतेय. तुमचं वेगळं असू शकतं. ते याच दोन ओळींवरून मांडा म्हणजे झालं.

चौथी पायरी: वरचा अर्थ, मधला अर्थ, आतला अर्थ

आपल्या काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या: अभिधा, लक्षणा, व्यंजना. नावं जड वाटली तरी काम सोपं आहे. अभिधा म्हणजे कोशातला अर्थ. लक्षणेचं ठरलेलं उदाहरण 'गंगेवर गवळीवाडा'. पाण्यावर वाडा उभा राहत नाही, म्हणून आपण 'गंगेच्या काठावर' असं समजून घेतो. शब्दशः अर्थ अडला, म्हणून शेजारचा घेतला. व्यंजना वेगळी. तिथे शब्दशः अर्थ अडत नाही, छान चालतो, आणि तरीही आतून दुसरं काही ऐकू येतं. कुत्र्याच्या गाथेत हेच आहे. त्याच संग्रहातली दुसरी एक गाथा आनंदवर्धनाने घेतली, ती याच्या उलटी: घरातली बाई वाटसरूला सांगते की सासू इथे झोपते, मी इथे, दिवसाउजेडी नीट बघून ठेव, रात्री न दिसून आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस. वर मनाई, आत आमंत्रण.

म्हणून प्रत्येक ओळीला आधी विचारा, शब्दशः अर्थ चालतोय का? चालत नसेल तर रूपक आहे, ते उलगडा. चालत असेल तर खूश होऊ नका, दुसरा प्रश्न विचारा: हे सांगायची गरज काय होती? न मागता दिलेलं कारण, न विचारता दिलेली परवानगी, गरज नसताना दिलेली माहिती, या तिन्ही जागी थांबा.

'वारा उगाच आत येतो.' दार लावायला कुणी कारण विचारलं होतं का? नाही. तरी ती देते. मग वाऱ्याचं काय आहे? 'मी तशीही जागीच असते' या ओळीपाशी जा. रात्री जागी असलेली बाई, वाऱ्याने हलणारं दार. दार वाजलं की कुणी आलं असं वाटणार, उठून बघावं तर वारा. 'उगाच' हा शब्द वाऱ्याला लावलाय, पण तो उगाच लागणाऱ्या आशेचा आहे. आता 'तशीही' बघा. तुझ्यासाठी जागी नसते हो, तशीही असते. आणि 'नाही कळवलंस तरी चालेल': ज्याला खरंच चालतं तो हे वाक्य उच्चारत नाही. 'तेवढं' मध्ये किती मागायचं राहिलंय ते मोजून बघा.

कपांची ओळ मला स्वतःला आवडते, कारण ती काहीच म्हणत नाही. दुसरा कप फोडला नाही, आवरून ठेवला नाही, 'राहू दे तिथेच'.

इथे एक सावधगिरी. दार म्हणजे नातं, वारा म्हणजे आठवण, पाऊस म्हणजे प्रेम अशी कोष्टकं करू नका. कोष्टक एकदा तयार झालं की प्रत्येक गाणं त्यात सारखंच बसतं. काही प्रतिमा परंपरेने ठरलेल्या असतात, त्या ओळखा: चंद्राची वाट बघणारा चकोर, निरोप घेऊन जाणारा ढग, विरहात भाजणारं चांदणं. अशी प्रतिमा आली तर गीतकाराने ती जशीच्या तशी वापरली की वाकवली, एवढंच तपासा. पालथा कप कुठल्याही परंपरेत नाही. त्याचा अर्थ त्या गाण्यातच शोधावा लागतो.

पाचवी पायरी: धृपद परत येतं तेव्हा

धृपदाचे शब्द तेच असतात, पण आपण तेच उरलेले नसतो. दर वेळी मधल्या कडव्याने आपल्याला काहीतरी नवं सांगितलेलं असतं. सरावासाठी धृपदाच्या प्रत्येक फेरीसमोर एका वाक्यात लिहा, 'आता हे कसं ऐकू येतं'. आपल्या गाण्यात पहिल्यांदा ही साधी सूचना आहे, घरातलं कुणीही कुणालाही देईल अशी. छत्रीनंतर ती काळजी होते. कपांनंतर ती निरोप होते. शेवटी, तिने स्वतः खिडकी लावल्यावर, एक विचित्र गोष्ट दिसते: खिडकी ती लावते, दार मात्र दुसऱ्याला लावायला सांगते.

गझल असेल तर हे गणित बदलतं. गझलेचा प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, दोन ओळींत पुरा. काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर तसाच परत येणारा शब्द) त्यांना बांधतात, कथानक नव्हे. पहिल्या शेरातली रुसलेली प्रेयसी आणि चौथ्यातलं बदललेलं जग यांची गोष्ट जोडत बसू नका. नवखे लोक इथे हमखास अडकतात.

सहावी पायरी: प्रेम, पण कुणावरचं

ज्ञानेश्वरांच्या विराण्या आधी त्यांचं नाव न सांगता कुणाला ऐकवा. चांदणं नको, चाफा नको, चंदन नको अशी तक्रार करणारी विरहिणी कुठल्याही प्रियकरासाठी तळमळू शकते. मग 'देवकीनंदन' हा शब्द येतो आणि खोलीची भिंत सरकते. देव कळला म्हणून विरह खोटा ठरत नाही. देवाला प्रियकर मानणाऱ्या मधुराभक्तीत दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असायला हवेत, एक पुसून दुसरा लिहिला तर गाणं मरतं. म्हणून प्रत्येक गाण्यात एखादं नाव, स्थळ, संबोधन दुसरीकडे बोट दाखवतंय का ते बघा. प्रेम देवावर असेल, देशावर असेल, सोडून आलेल्या घरावर असेल, मुलावर असेल. पण पुरावा हवा. 'गहन वाटतं म्हणून आध्यात्मिक असणार' हा पुरावा नाही. मी तो फार ऐकतो.

सातवी पायरी: आता चाल ऐका

इतका वेळ बाजूला ठेवलेली चाल आता लावा आणि विचारा, चाल शब्दांच्या बाजूने आहे की विरुद्ध? १९८३ साली 'द पोलीस' या बँडचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' आलं. अमेरिकेत ते आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि लोक ते लग्नात वाजवू लागले. चाल मऊ आहे, आवाज शांत आहे. शब्द मात्र काय सांगतात? तुझ्या प्रत्येक श्वासावर, प्रत्येक पावलावर माझी नजर असेल. बँडचा गायक स्टिंग याने ते लिहिलं, आणि त्यात मत्सर आणि पाळत आहे हे त्यानेच मुलाखतींत सांगितलं. त्याच्या सांगण्याचीही गरज नव्हती. क्रियापद बघितलं असतं तरी कळलं असतं: 'जपत राहीन' नाही, 'बघत राहीन' आहे. सपाट आवाजात वाचायला मी सांगतो ते यासाठी. चालीने भुललेल्या कानाला क्रियापद ऐकू येत नाही.

आठवी पायरी: गीतकाराचं आयुष्य, सगळ्यात शेवटी

गाण्याचा अर्थ विचारला की लोक लगेच गायकाचं कुणाशी बिनसलं होतं ते सांगायला लागतात. ही माहिती रंजक असते आणि बऱ्याचदा खोटी. खरी असली तरी तिचं काम मर्यादित आहे. अमेरिकन गायिका डॉली पार्टनचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' घ्या. १९७४ साली ते प्रसिद्ध झालं. ज्याच्या टीव्ही कार्यक्रमात ती अनेक वर्षं गात होती त्या पोर्टर वॅगनरची साथ सोडताना तिने ते लिहिलं होतं. म्हणजे प्रियकराचा निरोप नव्हताच, सहकाऱ्याचा होता. १९९२ मध्ये 'द बॉडीगार्ड' चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टनने ते गायलं आणि जगभरच्या ऐकणाऱ्यांनी ते प्रियकराचं म्हणूनच उराशी धरलं. ते चुकले का? मला नाही वाटत. 'मी जाते, कारण थांबले तर तुझ्या वाटेत येईन' हा भाव शब्दांत आहे, आणि तो दोन्हीकडे बसतो. जन्मकथेने एक मात्र केलं: हे जाणाऱ्या व्यक्तीचं गाणं आहे, सोडून दिल्या गेलेल्या व्यक्तीचं नाही, हे ठळक झालं. ते शब्दांतही होतंच, बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटलं होतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी शब्द, मग चाल, मग आयुष्य. आयुष्यातली माहिती शब्दांत आधीच असलेलं काही दाखवत असेल तर घ्या. शब्दांत नसलेलं घुसवत असेल तर सोडा.

नववी पायरी: अडणारी ओळ शोधा

आता तुमच्याकडे एक अर्थ तयार आहे. तो स्वतःच तपासायचा. गाण्यातली अशी ओळ शोधा जी तुमच्या अर्थात नीट बसत नाही. प्रत्येक चांगल्या गाण्यात ती असते. ती वगळून चालत नाही, तिच्यासाठी अर्थ थोडा सरकवावा लागतो. आपापले अनुभव गाण्यात ओतणं हा ऐकणाऱ्याचा हक्क आहे, पण तो झाला तुमचा अनुभव. गाण्याचा अर्थ म्हणून मांडायचा असेल तर ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. दोन अर्थ उरले आणि दोघांनाही सगळ्या ओळी मान्य असल्या तर दोन्ही ठेवा.

वरचं गाणं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर जोडपं होतं. नातं संपलंय, तो निघालाय, ती शांतपणे आवरतेय. खात्रीच होती, मीच लिहिलं होतं ना. एका मैत्रिणीला वाचून दाखवलं तर तिने विचारलं, "मुलगी शिकायला चाललीय का?" मी हसलो. मग तिने ओळी मोजून दाखवल्या. छत्री ने. पोचल्यावर कळव. तशीही जागीच असते. "हे कोण बोलतं?" मी म्हटलं, भिजायचो मुद्दाम, ते काय मग? ती म्हणाली, "लहानपणी आईबरोबर भिजली नाहीत का मुलं?" मी समोरच्या माणसाचं लिंग कुठेच उघड केलेलं नाही, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

मी शेवटचा बचाव केला. म्हटलं, पण ती दार लावायला सांगतेय, आई असं कशाला सांगेल? तिने कागद माझ्याकडे सरकवला. "लावायला कुठे सांगतेय? खिडकी 'लावून घेते' म्हणालीय. दार 'ओढून घे' म्हणालीय. ओढलेल्या दाराला कडी नसते. बाहेरून ढकललं की उघडतं."

मी ती ओळ लिहिताना फक्त मात्रा मोजल्या होत्या.